आधी ब्लँक, मग उत्प्रेरक

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवायचा, त्याला वीज द्यायची आणि त्याचं कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मेट, मिथेन किंवा एथिलीन करायचं. हे काम कोणता उत्प्रेरक किती चांगलं करतो ते मोजणं, हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गेली कित्येक वर्षं माझा रोजचा उद्योग आहे. भेटेल तो पहिल्यांदा विचारतो, "किती टक्के?" म्हणजे दिलेल्या विजेपैकी किती वीज हव्या त्या पदार्थात गेली. आम्ही तिला फॅरेडिक कार्यक्षमता म्हणतो. प्रश्न रास्त आहे. सेलवर ३ व्होल्ट असतील आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही, तरी १ किलो एथिलीनला सुमारे ३४-३५ युनिट वीज लागते. कार्यक्षमता निम्म्यावर आली की तेच सत्तरच्या घरात जातं. उद्या या आकड्यावर कुणीतरी कारखान्याचा हिशोब मांडणार आहे, कुणाची पीएचडी उभी राहणार आहे. तो खरा असावा ही माझी ओढ, आणि त्या ओढीपायी जे उमगलं ते हे असं.

१. आकडा उत्प्रेरकाचा एकट्याचा कधीच नसतो, तो सगळ्या सेलचा असतो. हे मला शिकवलं ते जपानमधल्या चिबा विद्यापीठाच्या योशिओ होरी यांच्या कामाने. तांब्यावर कार्बन डायऑक्साइडचा मिथेन होतो हे त्यांनी १९८५ साली दाखवलं, आणि शुद्ध धातूंमध्ये हायड्रोकार्बन भरघोस देणारा धातू म्हणून तांबं आजही एकटंच उभं आहे. पण पुढे अनेकांना असा अनुभव आला की तांब्याचा इलेक्ट्रोड तासाभरात, कधी काही मिनिटांतच थंडावतो. मिथेन आटतो आणि नुसता हायड्रोजन येऊ लागतो. दोष तांब्याच्या स्वभावावर ढकलला गेला. २००५ साली होरी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गुन्हेगार द्रावणात आहे. रसायनांच्या बाटलीतून आलेलं लोह आणि जस्त तांब्यावर जाऊन बसतं. द्रावणातून आधी वेगळ्या इलेक्ट्रोडवर वीज फिरवून ते धातू काढून घेतले, तर तेच तांबं टिकून काम करतं.

मी हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा थक्क झाले. तांब्याच्या १ चौरस सेंटिमीटर सपाट पृष्ठभागावर अणू असतात अडीच-तीन नॅनोमोल. ५० मिलिलिटर द्रावणात जस्त अब्जात तीन-चार भाग असलं तरी तेवढे अणू भरतात, म्हणजे पृष्ठभाग एकदा पूर्ण झाकायला पुरतात. आता आपलं नेहमीचं दशांश मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट घ्या. लिटरला १० ग्रॅम मीठ. त्या मिठात जड धातू दशलक्षात फक्त एक भाग असले, तरी द्रावणात ते अब्जात दहा भाग होतात. बाटलीवरच्या लेबलला हे "अत्यंत शुद्ध" वाटतं, तांब्याला वाटत नाही. तेव्हापासून मी नव्या उत्प्रेरकाच्या कौतुकाआधी मिठाच्या बाटलीचा बॅच नंबर विचारते. काही जण द्रावणात ईडीटीए घालून हे धातू बांधून ठेवतात, काही जण द्रावण रेझिनमधून गाळतात. कोणता उपाय केला यापेक्षा उपाय केला की नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

२. समोरचा इलेक्ट्रोड गप्प बसत नाही. सेलमध्ये सगळं लक्ष कॅथोडकडे, म्हणजे उत्प्रेरकाच्या इलेक्ट्रोडकडे असतं. अॅनोडला आपण सवयीने प्लॅटिनमची तार लावतो आणि विसरतो. प्लॅटिनम तिथे अतिशय हळू विरघळतं, पाण्यातून सरकतं आणि कॅथोडवर बसतं. हायड्रोजन काढण्यात प्लॅटिनमइतकं तरबेज कुणी नाही. त्यामुळे लांबच्या रनमध्ये हायड्रोजन हळूहळू चढत गेला, तर उत्प्रेरक मेला असं म्हणण्याआधी पृष्ठभागावर प्लॅटिनम आहे का ते तपासायला हवं. दोन इलेक्ट्रोडांच्या मधल्या पडद्याने वेग कमी होतो, वाट बंद होत नाही. कार्बनचा अॅनोड लावला तर तो स्वतःच जळून कार्बनचे वायू देतो. सोयीस्कर पर्याय असा नाहीच. जो लावाल त्याचा हिशोब ठेवावा लागतो.

३. ज्या रनमधून काहीच निघू नये, तोच रन मला सगळ्यात जास्त सांगतो. भाजीवाला जशी पारडी आधी रिकामी धरून काटा मध्ये येतो का बघतो, तसा हा आमचा ब्लँक. तो एक नाही, निदान तीन. कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉन सोडून वीज द्यायची. कार्बन डायऑक्साइड सोडून वीज द्यायचीच नाही. आणि उत्प्रेरक न लावलेला कोरा कार्बन पेपर बसवून पूर्ण रन करायचा. तिन्हींतून जे काही निघतं ते उत्प्रेरकाच्या खात्यातून वजा होतं, आणि कधीकधी खात्यात फार थोडं उरतं.

ते निघतं कुठून, हे बघण्यासारखं असतं. उत्प्रेरकाची पूड कागदावर चढवताना आपण ती आयसोप्रोपेनॉलमध्ये आणि नाफिऑनमध्ये कालवून शाई करतो. शाई पूर्ण वाळली नाही तर रेणू ओळखणाऱ्या एनएमआर यंत्रात अल्कोहोलचं पीक उगवतं, आणि अल्कोहोल मिळालं की कुणाला आनंद होत नाही? बाकावर अॅसिटोनने काचा धुतल्या की अॅसिटोनही दिसतं. त्याहून सूक्ष्म गोष्ट २०१६ साली बर्कलीच्या एका गटाने समोर आणली. ग्राफीनसारख्या कार्बनच्या पदार्थांत तांब्याचा नुसता अंश असतो, आणि तो अंशच कार्बन डायऑक्साइडवर दखल घेण्याइतकं काम करतो. "धातू नसलेला उत्प्रेरक" म्हणून जे मोजलं, त्यामागे तांबंच असू शकतं. त्या लेखानंतर कार्बनवरचे जुने आकडे मी वेगळ्या नजरेने वाचू लागले.

आर्गॉनच्या ब्लँकमध्ये एक बारकावा आहे. कार्बन डायऑक्साइडने संपृक्त केलेल्या दशांश मोलर बायकार्बोनेटचा पीएच ६.८ असतो. वायू काढून घेतला की तो सव्वाआठच्या पुढे जातो. पीएच बदलला की हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेतलं विभव एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट सरकतं. दोन रनमध्ये यंत्रावर तोच आकडा ठेवला तर तुलना एकाच विभवावरची राहत नाही.

४. पदार्थातला कार्बन आपण दिलेल्या कार्बन डायऑक्साइडमधूनच आला, हे गृहीत धरण्याची गोष्ट नाही, सिद्ध करण्याची आहे. त्यासाठी कार्बन-१३ असलेला वायू सोडतात. फॉर्मेटच्या हायड्रोजनची एनएमआरमध्ये एक रेघ दिसते. त्याच्या शेजारचा कार्बन १३ वजनाचा असेल तर त्या रेघेच्या दोन होतात, सुमारे १९५ हर्ट्झ अंतराने. पहिल्यांदा पडद्यावर मधली रेघ जाऊन दोन बाजूंना दोन उभ्या राहिलेल्या पाहिल्या, तेव्हा कुठल्याही टक्केवारीने झाला नसेल इतका आनंद झाला होता. मात्र मधली रेघ थोडी उरली म्हणून घाबरू नये. द्रावणातलं साधं बायकार्बोनेट आणि विरघळलेला वायू यांच्यात कार्बनची देवघेव सतत चालते, त्यामुळे कार्बन-१२ मिसळतोच. मीठही कार्बन-१३चं घेतलं की चित्र स्वच्छ होतं. खर्च मोठा आहे, म्हणून प्रत्येक उत्प्रेरकासाठी कुणी हे करत नाही. पण नवा पदार्थ सापडल्याचा दावा करायचा तर याला पर्याय मला दिसत नाही. शेजारच्या क्षेत्रातल्या, नायट्रोजनपासून अमोनिया बनवणाऱ्या मंडळींकडे पाहा. तिथे हवेतला, पाण्यातला, हातमोज्यांतला अमोनियाच मोजला जाऊ शकतो, म्हणून नायट्रोजन-१५ने खात्री करण्याची सविस्तर पद्धत २०१९ साली 'नेचर'मध्ये छापून आली. आमचं क्षेत्र त्यांच्याहून सुदैवी आहे, कारण आमचे पदार्थ हवेत इतके सहज सापडत नाहीत. पण थोडेच सुदैवी.

५. गाव बदललं की आकडा बदलतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, समुद्रकाठी १०१.३. सेलमधून बाहेर पडणारा वायू साबणाच्या फुग्याच्या फ्लोमीटरने मोजला की मिळतो तो इथल्या दाबाचा, इथल्या तापमानाचा आणि पाण्याच्या वाफेने ओला झालेला वायू. पाठ्यपुस्तकातले १ अॅटमॉस्फिअर आणि २५ अंश घालून त्याचे मोल काढले, आणि खोलीत मात्र एप्रिलचे ३३ अंश असले, तर वाफ धरून आकडा साधारण १५ टक्क्यांनी फुगतो. उत्प्रेरकाने काहीही न करता! मास फ्लो कंट्रोलरवर "प्रमाणित घनसेंटिमीटर" लिहिलेलं असतं, तेव्हा प्रमाणित म्हणजे ० अंश, २० की २५ हेही कंपनीगणिक बदलतं. ० आणि २५ यांत ९ टक्क्यांचा फरक आहे.

उन्हाळा आणखी एका बाजूने कापतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ३४ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड मुरतो, ३५ अंशांना २६च्या आसपास. कच्चा माल जवळपास पावभागाने कमी. साध्या सेलमध्ये विद्युत्प्रवाहाची मर्यादा हा विरघळलेला वायू किती वेगाने इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतो त्यावर ठरते, म्हणून डिसेंबरातला आणि मेमधला आकडा शेजारी ठेवून "नवा उत्प्रेरक जुन्याहून हलका" म्हणणं अन्यायाचं आहे. आमच्याकडे सेलभोवती पाणी फिरवून तापमान धरून ठेवतात. वहीत पहिल्या ओळीत त्या दिवसाचा दाब आणि तापमान लिहायचं, हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही. नव्या मुलांना तो हवामान खात्याचा उद्योग वाटतो. वाटू दे.

६. बेरीज शंभर आली म्हणून हिशोब बरोबर असतोच असं नाही. सगळ्या पदार्थांच्या कार्यक्षमतांची बेरीज १०० टक्के यावी अशी आपली इच्छा असते, आणि ९८ आली की लोक सुटकेचा श्वास टाकतात. वायू थेट पाठीमागून सोडणाऱ्या गॅस डिफ्यूजन इलेक्ट्रोडमध्ये गोष्ट फसवी होते, कारण आत गेलेला वायू तेवढाच बाहेर येत नाही. समजा मिनिटाला ५० मिलिलिटर आत गेला आणि ४० बाहेर आला. जीसी, म्हणजे वायू वेगळे करून मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ, फक्त प्रमाण सांगतो. त्या प्रमाणाला ५० ने गुणलं तर प्रत्येक वायूचा आकडा सव्वापट होतो. बेरीज शंभरच्या वर गेली तर निदान शंका तरी येते. पण द्रवातले पदार्थ निसटले असतील, तर एक चूक दुसरीला झाकते आणि बेरीज छान शंभर येते. ही जागा मला सगळ्यात धोक्याची वाटते. आणि द्रव पदार्थ निसटतातच. फॉर्मेट पडद्यातून पलीकडे जातं, इथेनॉल अॅनोडवर जळतं किंवा वायूबरोबर उडून जातं. म्हणून अॅनोडचं द्रावण आणि बाहेरच्या नळीतला थंड केलेला थेंबही तपासावा लागतो.

इलेक्ट्रॉनांइतकाच कार्बनचा हिशोबही मांडावा, हे मला उशिरा उमगलं आणि तेव्हापासून माझी दृष्टीच बदलली. कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू घडताना दोन हायड्रॉक्साइड तयार होतात, आणि ती दोन मिळून कार्बन डायऑक्साइडचा आणखी एक रेणू कार्बोनेट करून टाकतात. म्हणजे अशा सेलमध्ये दिलेल्या वायूपैकी फार तर निम्मा कामी येतो. एथिलीनच्या एका रेणूला १२ इलेक्ट्रॉन लागतात, १२ हायड्रॉक्साइड निघतात, ती सहा रेणू गिळतात. दोन कामी आले, सहा गेले, म्हणजे पावच. उत्प्रेरक कितीही गुणी असो, ही भिंत त्याला ओलांडता येत नाही. हवेतून किंवा धुरातून कष्टाने पकडलेला वायू पुन्हा मिठात जातो, हे टक्केवारीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही आणि मला ते मनापासून खटकतं.

७. किती व्होल्टवर, हे सांगितल्याशिवाय किती टक्के याला अर्थ नाही. द्रावणाचा रोध ५ ओहम असेल आणि प्रवाह १०० मिलिअँपिअर, तर अर्धा व्होल्ट पाण्यातच खर्ची पडतो. तो वजा केला की नाही, यंत्राने केला की नंतर कागदावर, हे लिहिलेलं नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आलेख एकमेकांवर ठेवण्यात वेळ दवडू नये.

८. नव्याची परीक्षा घेण्याआधी जुन्याने आपली परीक्षा घ्यावी. नवा सेल, नवी बाटली, नवा माणूस, काहीही बदललं की आमच्याकडे पहिला रन साध्या तांब्याच्या पत्र्याचा होतो. फॉस्फोरिक आम्लात वीज देऊन चकचकीत केलेला, बाकी काही नाही. बायकार्बोनेटमध्ये, हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे १ व्होल्टच्या आसपास त्याने मिथेन आणि एथिलीन दिलंच पाहिजे. नुसता हायड्रोजन आला तर सेल घाण आहे, आणि त्या दिवशी नव्या उत्प्रेरकाला हात लावायचा नाही. चांदीचा पत्राही तसाच उपयोगी, त्याने बहुतांश कार्बन मोनॉक्साइड द्यायला हवा. २०१८ साली अमेरिकेतल्या बर्कली आणि स्टॅनफर्डच्या मंडळींनी या चाचण्यांसाठी एक पद्धतच लिहून काढली. तीत नवलाचं असं काही नाही, आणि म्हणूनच ती मला आवडते.

साधा पत्रा नम्रही करतो. २०१२ साली स्टॅनफर्डच्या गटाने कसलीही सजावट नसलेल्या तांब्यावर नीट मोजमाप केलं आणि १६ वेगवेगळे पदार्थ मोजले. त्यातले काही तांब्यावर तोवर कुणी नोंदवलेलेच नव्हते. पत्रा तोच होता. बघणं बारीक झालं.

९. मोठा प्रवाह म्हणजे मोठा गुण नव्हे. खडबडीत, जाळीदार, नॅनोतारांचा उत्प्रेरक एका चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यात कितीतरी पट खरं क्षेत्र लपवून बसलेला असतो. त्या खऱ्या क्षेत्राने भागलं, तर बरेचदा साध्या तांब्याच्या जवळचाच आकडा निघतो. याने जाळीदार तांबं निरुपयोगी ठरत नाही. कारखान्याला जागेमागे प्रवाहच हवा असतो. पण "नवं रसायन सापडलं" आणि "जास्त जागा मिळाली" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

१०. तासाभराने टिकाऊपणा कळत नाही. तांबं वीज चालू असताना स्वतःची रचना बदलतं. ऑक्साइड धातू होतं, घनाकार कणांच्या कडा झिजतात. रन सुरू होण्याआधी काढलेलं सूक्ष्मदर्शकातलं सुंदर चित्र हे जे काम करत होतं त्याचं चित्र नसतं. पुढे पोटॅशियम बायकार्बोनेटचे स्फटिक वायूच्या वाटा बुजवतात, कागदाची पाणी झटकण्याची ताकद जाते आणि तो भिजतो. यातलं काहीच पहिल्या तासात दिसेल असं नाही. उद्योगाला हजारो तास हवेत. आमच्याकडे तेवढा सेल अडकवून ठेवण्याची चैन नाही. म्हणून मी "एवढे तास चालवला, पुढचं माहीत नाही" असं लिहायला सांगते. हे वाक्य लिहिताना विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

११. एकच इलेक्ट्रोड पुन्हा पुन्हा तपासणं म्हणजे प्रयोगाची पुनरावृत्ती नव्हे. तीन वेगळ्या दिवशी, वेगळी शाई कालवून केलेले तीन इलेक्ट्रोड, आणि त्यातला निदान एक दुसऱ्या कुणी केलेला, तेव्हा आकड्याच्या पुढची अधिक-उणे खूण खरी होते. ती खूण मोठी निघाली तर मोठीच छापावी. वाचणाऱ्याला ४५ टक्के आणि ५५ टक्के यांत खरंच फरक आहे का हे त्याच खुणेवरून ठरवायचं असतं.

सध्या तांबे-चांदीच्या एका मिश्रणावर काम चाललं आहे आणि एथिलीनचा आकडा मनाजोगा येतोय. मागच्या आठवड्यात त्या मिश्रणाच्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या दुसऱ्या शहरातल्या सहकाऱ्यांकडे कुरिअरने पाठवल्या. आमच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, आपलं शुद्ध केलेलं बायकार्बोनेटही पाठवू का? म्हणजे त्यांना त्रास नको." मी नको म्हटलं. त्यांचं मीठ, त्यांचं पाणी, त्यांचा जीसी. पट्ट्यांबरोबर एक तांब्याचा पत्रा तेवढा दिलाय, आणि त्याचा रन आधी घ्या असं वरच्या चिठ्ठीत लिहिलंय.